कापलेल्या भागाची कामे

चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी जुनी स्टेशन वॅगन घेऊन तिच्या पाठीमागचे बंद दालन कापून काढणे, उरलेल्या पुढच्या भागाला नवी पाठभिंत घालून त्याची केबिन करणे आणि मोकळ्या झालेल्या चेसिसवर मालासाठी सपाट, उघडी बैठक बसवणे, ही ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात चांगलीच रुळलेली कारागिरी आहे. तिथल्या बोलीत मालवाहू पाठ असलेल्या छोट्या गाडीला ‘यूट’ म्हणतात, जे ‘युटिलिटी’ या शब्दाचे आखूड रूप आहे, आणि तिच्यावरच्या सपाट बैठकीला ‘ट्रे’ म्हणतात. वरवर पाहता हे काम ग्राइंडर आणि वेल्डिंगचे, म्हणजे कापण्याचे आणि जोडण्याचे वाटते. परंतु त्यात कारागिराचा खरा कस लागतो तो कापून टाकलेला भाग आजवर कोणकोणती कामे निमूटपणे करीत होता हे ओळखण्यात. पत्रा भंगारात जातो, पण त्याची कामे भंगारात जात नाहीत. ती एकेक करून दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावी लागतात, आणि जे काम सोपवायचे राहून जाते ते पुढे तडा, गळती किंवा अपघात होऊन समोर येते.

यूट या वाहनप्रकाराचे मूळ ऑस्ट्रेलियातच सापडते. १९३०च्या दशकाच्या आरंभी व्हिक्टोरिया राज्यातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहून, रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजाराला नेता येतील अशी एकच गाडी मागितली, अशी हकिकत तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फोर्डच्या जिलाँग येथील कारखान्यातील तरुण अभिकल्पक लुईस बँट याने पुढे प्रवासी गाडीची केबिन आणि मालाचा हौदा एकाच अंगात बांधून दाखवले आणि १९३४मध्ये ती गाडी बाजारात आली. चारचाकी ओढीच्या गाड्या त्या मानाने उशिरा रुजल्या. १९४९ ते १९७४ या काळात उभारल्या गेलेल्या स्नोई माउंटन्स जलविद्युत प्रकल्पाच्या डोंगराळ कामावर थीस बंधूंच्या कंत्राटदार कंपनीने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात टोयोटाच्या लँड क्रूझर आणल्या, आणि तिथून या नावाचा ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांत जो प्रसार झाला तो आजही ओसरलेला नाही.

या लेखापुरती डोळ्यांसमोर ठेवायची गाडी म्हणजे १९९०मध्ये आलेली ८०-मालिकेची लँड क्रूझर. तिच्या डिझेल आवृत्तीत ४.२ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन असे, पुढचा आणि मागचा असे दोन्ही एक्सल अखंड, म्हणजे एका बाजूच्या चाकापासून दुसऱ्या बाजूच्या चाकापर्यंत सलग असत, आणि त्यांच्यावर पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा असत. खडबडीत जमिनीवर ही रचना इतकी सुखावह ठरली की तीच यूटच्या रूपात असावी, असे अनेक शेतकऱ्यांना आणि भटक्यांना वाटू लागले; पण कारखान्यातून ही मालिका वॅगन म्हणूनच बाहेर पडत होती. दुसरीकडे वय झालेल्या वॅगनचा गंज बहुधा पाठीमागून सुरू होतो, कारण छपराच्या पन्हळीत, मागच्या काचेच्या रबराखाली आणि चाकांवरच्या कमानींच्या दुहेरी पत्र्यात ओल आणि चिखल साचून राहतो. इंजिन, गिअरपेटी, एक्सल आणि जाड पोलादाची चेसिस यांचे आयुष्य त्यामानाने पुष्कळ मोठे असते. मागचा तिसरा हिस्सा सडला म्हणून उरलेला धडधाकट दोन-तृतीयांश मोडीत काढणे कोणत्याही काटकसरी माणसाला जिवावर येते, आणि या रूपांतरामागची सर्वांत प्रामाणिक प्रेरणा हीच आहे.

हे शक्य होते ते अशा गाड्यांच्या घडणीमुळे. आजच्या बहुतेक मोटारींत सांगाडा आणि अंग वेगळे नसतात. पत्र्याचे सगळे अंगच भार वाहते आणि त्याला एकांगी बांधणी म्हणतात. अशा गाडीची पाठ कापली तर तिचा कणाच कापल्यासारखे होते. जुन्या लँड क्रूझर, लँड रोव्हर, निसान पॅट्रोल किंवा आपल्याकडची जीप यांच्यात मात्र खाली शिडीसारखी चौकट असते: पुढून मागे जाणारे दोन भक्कम लांब दांडे आणि त्यांना जोडणारे काही आडवे तुकडे. इंजिन, स्प्रिंगा आणि एक्सल या शिडीला धरून असतात, तर वरचे अंग रबरी बफरांवर बोल्टांनी बसवलेले असते. त्यामुळे अंगाचा एक भाग काढला तरी शिडी आपल्या पायांवर उभी राहते. मात्र शिडी वाकायला कणखर असली तरी पिळायला पुष्कळ मऊ असते, आणि वॅगनचे बंद अंग रबरांमधून का होईना तिला पिळापासून आवरून धरीत असते, ही गोष्ट कापणाऱ्याने पहिल्यापासून ध्यानात ठेवायला हवी.

कापायचे कुठे, हा पहिला निर्णय. पुढच्या दरवाज्यांच्या लगेच मागे कापले तर दोघा-तिघांची केबिन आणि लांब ट्रे मिळतो. मागच्या दरवाज्यांच्या मागे कापले तर पाच माणसांची केबिन राहते, पण ट्रे आखूड होतो आणि त्याचा बहुतेक भाग मागच्या एक्सलच्याही मागे जातो. दुसऱ्या पर्यायात आणखी एक अडचण अशी की वॅगनच्या मागच्या दरवाज्याची खालची कड चाकाच्या कमानीला जागा देण्यासाठी वळवलेली असते, त्यामुळे केबिनची पाठभिंत सरळ खाली उतरवता येत नाही आणि कमानीचा थोडा पत्रा राखून त्याच्याभोवती नवा पत्रा घडवावा लागतो. कुटुंबासाठी गाडी हवी असणारा माणूस पाच जागांचा मोह सोडत नाही, पण ज्याला खरोखर माल वाहायचा आहे त्याच्यासाठी आखूड केबिनच योग्य, आणि त्याचे कारण पुढे भाराच्या हिशेबात स्पष्ट होईल.

प्रत्यक्ष कापण्यापूर्वीची तयारी कापण्यापेक्षा मोठी असते. बॅटरीच्या तारा सोडवल्या जातात, आसने, गालिचे, छताचे अस्तर आणि काचा काढल्या जातात, आणि इंधनाची टाकी गाडीतून उतरवून दूर ठेवली जाते. रिकाम्या टाकीला निर्धोक मानणे ही जीवघेणी चूक आहे, कारण द्रव इंधनापेक्षा टाकीत उरलेली वाफ आणि हवा यांचे मिश्रणच ठिणगीने भडकते. त्यानंतर दरवाज्यांच्या चौकटींत आणि केबिनच्या आरपार चौकोनी नळीचे धिरे वेल्डिंगने टाचून ठेवतात. कापताना पत्र्यातला दडलेला ताण मोकळा होतो आणि केबिन काही मिलिमीटर उघडते किंवा झुकते. तेवढ्यानेही दरवाजा नीट लागेनासा होतो आणि पुढे कितीही बिजागऱ्या हलवल्या तरी ती चूक पुरती भरून निघत नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवणे आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजणे, हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे, कारण चारही बाजू तेवढ्याच राहूनही चौकोन कलू शकतो आणि ते कलणे फक्त कर्णांत दिसते.

केबिनची पाठभिंत केवळ वारा-पावसासाठी आहे, असा समज होऊ शकतो. तिचे काम समजण्यासाठी काडेपेटी हाताशी घ्यावी. आतला खण काढून घेतला की बाहेरचे आवरण बोटांच्या किंचित दाबानेही तिरके होऊन चपटते. पण त्याच आवरणाच्या उघड्या तोंडावर कागदाचा एक तुकडा चारही कडांनी चिकटवला तर ते ताठ उभे राहते, कारण कागद स्वतः लवचिक असला तरी आपल्याच पातळीत तो तिरका व्हायला तयार नसतो. कापलेली केबिन म्हणजे असे एका बाजूने उघडे पडलेले आवरण असते आणि पाठभिंत म्हणजे तो कागद. म्हणून ती केवळ दोन-चार ठिकाणी टाचून भागत नाही. छत, दोन्ही बाजूंचे खांब आणि तळ यांना ती सलग जोडलेली असावी लागते, आणि सपाट पत्रा चालताना ढोलासारखा घुमू नये व सहज वाकू नये म्हणून त्यात उठाव दाबलेले असावे लागतात. पुष्कळ कारागीर मोडीत निघालेल्या एखाद्या कारखानी यूटची पाठभिंत, तिच्या खिडकीसकट, मिळवून ती बसवतात. त्यात शहाणपण आहे, कारण तिचे उठाव, काचेची खाच आणि कडांची घडी मूळ अभियंत्यांनी विचारपूर्वक घडवलेली असते. गाडी उलटली तर छत पेलणाऱ्या खांबांपैकी मागचे खांब कापले गेलेले असल्याने पाठभिंतीलगत छतापासून तळापर्यंत नळीची कमान घालणे हीही हौस मानू नये.

आता या सबंध कामातला सर्वांत नाजूक प्रश्न येतो, तो म्हणजे ट्रे आणि चेसिस यांचा सांधा. खड्ड्यांच्या वाटेवर पुढचे डावे चाक उंचवट्यावर आणि मागचे उजवे चाक दुसऱ्या उंचवट्यावर असले की शिडी पिळली जाते, ओला पंचा पिळावा तशी एक टोक एकीकडे आणि दुसरे दुसरीकडे. ट्रे मात्र लांब दांड्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या आणि पत्र्याच्या तळाचा बांधलेला ताठ पाट असतो. लवचिक शिडीवर ताठ पाट चारही कोपऱ्यांत घट्ट आवळला तर पिळताना दोघांपैकी एकाला हार मानावी लागते: कधी बोल्ट तुटतात, कधी ट्रेचे वेल्ड उकलतात आणि सर्वांत वाईट म्हणजे कधी चेसिसला तडा जातो. हा तडा बहुधा केबिनच्या लगेच मागे, जिथे ट्रेचा पुढचा टोकदार शेवट चेसिसवर टेकतो तिथे जातो, कारण ट्रेने ताठ केलेला भाग तिथे एकदम संपतो आणि मऊ भाग सुरू होतो. पोलादाला भारापेक्षाही भाराच्या वाट्याचा असा अचानक बदल अधिक सोसत नाही.

यावर वेगवेगळे उपाय रूढ आहेत. हलक्या वापरासाठी चेसिसचे दांडे आणि ट्रेचे लांब दांडे यांच्यामध्ये कठीण लाकडाची, रबराची किंवा नायलॉनची पट्टी घालतात आणि ट्रेच्या दांड्याचे पुढचे टोक खालून तिरके कापतात, म्हणजे भार एका रेषेवर न पडता हळूहळू पसरतो. भारतातील ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या कारागिरांनाही चेसिस आणि बॉडी यांच्यामधली लाकडाची बैठक पिढ्यांपासून परिचित आहे. त्याहून पुढची पायरी म्हणजे मागचे जोड पक्के ठेवून पुढच्या जोडांत बोल्टावर स्प्रिंग घालणे. गाडी पिळली की पुढचा कोपरा स्प्रिंग दाबून किंचित उचलला जातो आणि सरळ होताच पुन्हा आपल्या जागी बसतो. खऱ्या अर्थाने खडतर वाटांसाठी तीन बिंदूंची बैठक वापरतात. उंचसखल अंगणात चौरंग डुलतो, पण तिवई कधी डुलत नाही, कारण कोणतेही तीन बिंदू आपोआप एका पातळीत असतात. त्याच न्यायाने ट्रेला मागे दोन ठिकाणी आणि पुढे मध्यावर एका फिरत्या बिजागरीवर आधार दिला तर खालची शिडी हवी तशी पिळो, ट्रेपर्यंत तो पीळ पोचत नाही. जर्मनीतील उनिमॉग या शेतकी ट्रकचे नाव या तत्त्वाशी कायमचे जोडले गेले आहे. आल्बर्ट फ्रीडरिख या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच तो आखला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंच्या चाकांतले अंतर बटाट्याच्या दोन सरींशी जुळवलेले होते, आणि पुढे या घराण्याच्या ट्रकांची चेसिस मुद्दाम पिळू देण्याची व वरचा हौदा तीन बिंदूंवर मोकळा ठेवण्याची पद्धत त्यांची ओळख बनली. चेसिसला हट्टाने ताठ करण्यापेक्षा तिचे लवचीकपण मान्य करून वरची रचना त्याच्याशी जुळवून घेणारी ठेवणे, ही दृष्टी या क्षेत्रातली सर्वांत परिपक्व दृष्टी म्हटली पाहिजे.

सांध्याच्या जागेचाही नियम आहे. भाराखाली वाकणाऱ्या दांड्याच्या एका कडेला ताण आणि दुसऱ्या कडेला दाब बसतो आणि मधल्या उंचीवर, ज्याला तटस्थ अक्ष म्हणतात तिथे, दोन्ही जवळपास शून्य असतात. म्हणून चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठात भोक पाडणे, किंवा तिथे आडवा वेल्ड ओढणे, म्हणजे सर्वाधिक ताणाच्या जागी स्वतःच्या हाताने खाच करणे होय. भोक पाडावेच लागले तर उभ्या बाजूवर, मध्याजवळ, आणि शक्यतो कारखान्याने आधीच ठेवलेल्या भोकांचाच उपयोग करावा. यू-बोल्ट आवळून ट्रे धरायचा असेल आणि चेसिस उघड्या चॅनलची असेल तर आत ठोकळा घालावा, नाहीतर बोल्ट घट्ट होताना चॅनलच्या कडा आत दुमडतात. ट्रे आणि केबिन यांच्यात किमान दोन बोटांची फट राखणे हा याच विचाराचा शेवट आहे, कारण दोघे आता वेगवेगळे हलतात आणि एकमेकांना घासू लागले तर पत्राच नव्हे, मागची काचही जाते.

माल कुठे बसतो याचा हिशेब मराठी मुलखाला नवा नाही. बैलगाडीत ओझे कण्याच्या फार मागे गेले की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेवर फास बसल्यासारखे होते. त्या स्थितीला गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात, आणि भरणारा माणूस ओझे थोडे पुढे सरकवतो. यूटमध्ये बैलांच्या जागी पुढचा एक्सल असतो, पण गणित तेच आहे. ८०-मालिकेच्या लँड क्रूझरमध्ये दोन्ही एक्सलांतील अंतर २८५० मिलिमीटर आहे. ६०० किलोच्या मालाचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या ३०० मिलिमीटर मागे पडला, तर ६०० गुणिले ३०० भागिले २८५० या हिशेबाने पुढच्या एक्सलवरचा सुमारे ६३ किलो भार उचलला जातो आणि मागच्या एक्सलवर ६०० ऐवजी ६६३ किलो येतात. पाच जणांच्या केबिनमुळे ट्रे मागे ढकलला जाऊन हेच अंतर ६०० मिलिमीटर झाले, तर पुढून १२६ किलो उचलले जातात आणि मागे ७२६ किलो पडतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल लागते, वळणावर गाडी बाहेर जाऊ पाहते, पुढच्या ब्रेकांची पकड कमी होते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टोयोटाच्या ७९-मालिकेची चार दरवाजी यूट २०१२मध्ये ऑस्ट्रेलियात आली तेव्हा तिच्यातही ट्रे बराचसा एक्सलच्या मागे पडत होता, आणि म्हणूनच तिची चेसिस कापून लांब करून मागचा एक्सल मागे नेण्याचा स्वतंत्र व्यवसाय तिथे उभा राहिला. मागच्या एक्सलच्या पुढे ट्रे किती आणि मागे किती, हे घराच्या अंगणात खडूने आखून पाहायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न देणाऱ्याला पुढे चेसिसला हात घालावा लागतो.

ट्रेची उंची ठरते चाकाच्या उसळीवरून. अखंड एक्सलचे एक चाक वर दाबले गेले की टायरचा माथा तिरका होऊन ट्रेच्या तळाकडे येतो, म्हणून स्प्रिंग काढून, एका बाजूचे चाक जॅकने अगदी अटकावाच्या रबरापर्यंत वर नेऊन, मग मधली जागा मोजावी लागते. सपाट जमिनीवर उभ्या गाडीकडे पाहून घेतलेले माप फसवते. जागा हवी म्हणून ट्रे उगाच उंच नेला तर मालाचा गुरुत्वमध्य वर जातो आणि उतारावर आडवे चालताना गाडी उलटण्याचा धोका वाढतो, तेव्हा चाकांवर कमान देऊन बाकीचा तळ खाली ठेवणे हे अधिक कष्टाचे पण अधिक चांगले काम ठरते.

वॅगनची पाठ गेल्याने मागच्या एक्सलवरचे रिकाम्या गाडीचे ओझे बदलते आणि स्प्रिंगा व ब्रेक दोघांनाही त्याची दखल घ्यावी लागते. वॅगनच्या मागच्या स्प्रिंगा माणसे आणि सामान लक्षात घेऊन मऊ ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर सिमेंटची पोती लादली तर त्या तळाला टेकतात, आणि म्हणून फार कडक स्प्रिंगा घातल्या तर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते व चाक जमीन सोडते. ब्रेकांच्या बाबतीत एक छोटा भाग सर्रास विसरला जातो. चेसिस आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये एका दांडीने जोडलेला भारसंवेदी झडप-पेच या गाड्यांत असतो. माल भरून चेसिस खाली बसली की तो मागच्या ब्रेकांना अधिक दाब देतो आणि रिकाम्या गाडीत दाब कमी करतो, जेणेकरून हलकी मागची चाके ब्रेक लावताच अडकून घसरू नयेत. उंच किंवा कडक स्प्रिंगा घातल्यावर ती दांडी जुन्याच मापावर राहिली तर झडपेला गाडी सदैव रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धवट काम करतात. स्प्रिंगा बदलणाऱ्याने ही दांडी नव्या उंचीशी जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

ट्रे पोलादाचा की अॅल्युमिनियमचा, या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते, पण ताठपणाही तेवढाच कमी असतो. त्यामुळे त्याचे छेद उंच आणि जाड ठेवावे लागतात आणि वजनातली बचत कागदावर दिसते तेवढी हाती येत नाही. वेल्डशेजारच्या पट्ट्यात त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि वारंवार हलणाऱ्या भाराखाली ते पोलादापेक्षा लवकर थकते. पोलाद गंजते, पण गावातल्या कोणत्याही वेल्डरला ते दुरुस्त करता येते, आणि जवळचे गॅरेज शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशात या गुणाचे मोल मोठे आहे. अॅल्युमिनियमचा ट्रे पोलादी चेसिसवर बसवायचा झाला तर दोन धातूंचा थेट स्पर्श टाळणारी रबराची किंवा नायलॉनची पट्टी अनिवार्य असते, कारण ओल मिळताच दोन धातूंच्या जोडीत विद्युत्-घटासारखी क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनियम खाल्ले जाते.

उरलेली सोपवणूक लहान पण चिवट कामांची आहे. इंधन भरण्याचे तोंड मागच्या पत्र्यात होते. ते आता ट्रेच्या बाजूला, टाकीकडे सलग उतरता राहील अशा नळीने आणि धुराड्यापासून दूर बसवावे लागते. मागचे दिवे, दिशादर्शक, परावर्तक, नंबरपाटी आणि तिच्यावरचा दिवा यांना नवी जागा लागते. त्यांच्या तारांचा ऋण जोड पूर्वी अंगाच्या पत्र्यातून मिळत असे, तो आता वेगळ्या तारेने चेसिसपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर दिवे कधी लागतात, कधी मिणमिणतात. चाकांनी उडवलेला चिखल अडवणाऱ्या कमानीही पाठीबरोबर गेलेल्या असतात. आणि वॅगनच्या बाजू व आसनांच्या पाठी मालाला कोंडून ठेवीत होत्या, ते काम आता ट्रेची पुढची चौकट, बाजूचे फाळके आणि दोर बांधायच्या कड्या यांच्याकडे येते. ऑस्ट्रेलियातील माल-बांधणीच्या मार्गदर्शक नियमांनुसार जखडलेला माल पुढच्या दिशेने आपल्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट बळ सोसून जागेवर राहिला पाहिजे. म्हणजे ६०० किलोच्या ओझ्यासाठी जोरदार ब्रेक लागला असता पुढची चौकट आणि दोर यांना मिळून ४८० किलो वजनाएवढा रेटा पेलायचा असतो. खिडकीच्या संरक्षणासाठी म्हणून लावलेली नाजूक नळीची चौकट हे करू शकत नाही. पाण्याची टाकी वाहताना तर आणखी सावध राहावे लागते, कारण १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, आणि अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर स्वतःच एका बाजूला धाव घेते.

ऑस्ट्रेलियात हे रूपांतर कायद्याच्या चौकटीत बसवता येते, पण वाट सोपी नाही. हलक्या वाहनांच्या बदलांसाठी ‘व्हीएसबी १४’ नावाची राष्ट्रीय आचारसंहिता आहे आणि ती अमलात आणणे राज्यांच्या वाहन खात्यांकडे असते. बंद वॅगनचे यूट होते तेव्हा गाडीचा वर्गही प्रवासी वाहनाकडून मालवाहू वाहनाकडे जातो, म्हणून मान्यताप्राप्त अभियंत्याने कामाची पाहणी करून प्रमाणपत्र दिल्याशिवाय नोंदणी बदलत नाही. पाठ हलकी केली म्हणून गाडीची एकूण भारमर्यादा आपोआप वाढत नाही, हेही मालकांना तिथेच कळते. मर्यादा ठरते ती एक्सल, ब्रेक, टायर आणि चेसिस यांवरून.

भारतात ही वाट जवळपास बंद आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात हा अर्थ पक्का केला. जुनी जीप कापून तिचा मालट्रक करण्याचा विचार महाराष्ट्रातील कोणाच्या मनात आला तर त्याने प्रथम प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी; ग्राइंडर नंतर. आपल्याकडे ट्रकची बॉडी चेसिसवर वेगळी बांधण्याची परंपरा मोठी असली तरी ती नव्या, त्याच कामासाठी विकलेल्या चेसिसची आहे. योगायोगाचा भाग असा की मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपच्या जुळणीपासून वाहनव्यवसायात उतरलेल्या महिंद्रा कंपनीचे पिकअप आता ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर विकले जातात, आणि तेही पुष्कळदा केबिन व उघडी चेसिस या रूपात, ज्यावर तिथला कारागीर आपला ट्रे चढवतो.

काम संपल्यावर गाडी प्रथम वजनकाट्यावर जाते. आधी संपूर्ण गाडी, मग केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून आणि मग केवळ मागची, असे तीनदा वजन घेतले जाते; रिकाम्या आणि भरल्या गाडीचे हे आकडे कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहिले जातात आणि स्प्रिंगांची निवड व झडपेची दांडी त्यावरून अखेरची ठरते. ट्रेच्या प्रत्येक नटावरून बोल्टाच्या टोकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढलेली असते. पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर गाडीखाली दिवा घेऊन शिरायचे आणि त्या रेघा पाहायच्या: जिथे रेघ तुटली आहे तिथे नट फिरला आहे, आणि जिथे चेसिसच्या रंगात केसाएवढी गंजाची ओळ दिसते तिथे सांध्यावर भार चुकीच्या जागी उतरतो आहे, तेव्हा ट्रे पुन्हा उचलून बैठक नव्याने घालावी लागते.